दाबातून वीज, विजेतून नाद

गॅसची शेगडी पेटविण्याचा लायटर आज बहुतेक घरांत दिसतो. त्याचा खटका दाबताच 'टक्' असा आवाज होतो आणि टोकाशी निळसर ठिणगी उडते. या लायटरच्या नेहमीच्या प्रकारात तेल नसते, वात नसते, विजेरीतला सेलही नसतो. मग ठिणगी येते कोठून? लायटरच्या पोटात करंगळीच्या पेराहूनही लहान अशी एक कांडी बसविलेली असते. ती कपबशीसारख्या भाजलेल्या मातीच्या जातीची, म्हणजे सिरॅमिकची असते. खटका दाबला की ताणलेल्या स्प्रिंगमुळे एक चिमुकली हातोडी सुटते व त्या कांडीवर आपटते. त्या आघातासरशी कांडीच्या दोन टोकांत क्षणभर हजारो व्होल्टची वीज निर्माण होते, आणि ती मधल्या हवेतून उडी घेते. तीच ती ठिणगी!

काही पदार्थांवर दाब पडला असता त्यांत वीज उत्पन्न होते, या गुणाला दाबविद्युत असे म्हणतात. त्याचा शोध १८८० साली पॅरिस येथे झाक क्युरी व पिएर क्युरी या दोन सख्ख्या भावांनी लावला. पिएर त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. या बंधूंनी निरनिराळे स्फटिक घेऊन ते विशिष्ट दिशेने दाबून पाहिले, आणि त्यांच्या पृष्ठभागांवर किंचित विद्युतभार जमतो असे त्यांना आढळले. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा स्फटिक हा त्यांपैकी एक होता. आश्चर्य असे की, ज्या साखरेची आपण खडीसाखर करतो, त्या उसाच्या साखरेचा स्फटिकही त्यांच्या यादीत होता. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे असे प्रतिपादन केले की, याच्या उलटही घडले पाहिजे. अशा स्फटिकाला वीज दिली, तर त्याने आपला आकार किंचित बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी तोही प्रयोग केला, आणि लिपमनचे भाकीत खरे ठरले.

असे का घडते? स्फटिकात धन व ऋण विद्युतभार असलेले कण ठराविक रचनेने बसलेले असतात. काही स्फटिकांत ही रचना अशी असते की, दाबामुळे धन कण एका बाजूस व ऋण कण दुसऱ्या बाजूस थोडेसे सरकतात. त्यांचा समतोल ढळला की पृष्ठभागावर विद्युतभार प्रकट होतो. हे सरकणे डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतके सूक्ष्म असते. परंतु त्याचा परिणाम मोजता येतो.

पुढे बरीच वर्षे हा शोध प्रयोगशाळेतच राहिला. पहिल्या महायुद्धाने त्याला समुद्रावर नेले. पाण्याखालून येणाऱ्या पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा न दिसणाऱ्या शत्रूचा ठाव कसा घ्यावा, हा प्रश्न उभा राहिला. पिएर क्युरीचा विद्यार्थी पॉल लान्जव्हँ याने १९१७ च्या सुमारास पोलादाच्या दोन जाड तबकड्यांमध्ये क्वार्ट्झचे तुकडे बसवून एक यंत्र सिद्ध केले. क्वार्ट्झला झपाट्याने उलटसुलट होणारी वीज दिली की तो थरथरे आणि पाण्यात ध्वनिलहरी सोडी. त्या लहरी पाणबुडीवर आपटून परत आल्या की तोच क्वार्ट्झ दाबला जाई आणि वीज देई. एकच वस्तू तोंडाचेही काम करी आणि कानाचेही. हा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, कारण त्याची कंपने सेकंदाला २०,००० हून अधिक असतात. अशा ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

क्वार्ट्झची शक्ती मात्र अल्प होती. १९४० नंतरच्या दशकात बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकमध्ये हा गुण आणता येतो असे आढळले, आणि १९५४ साली अमेरिकेत बर्नार्ड जाफी व त्यांचे सहकारी यांनी शिसे, झर्कोनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून केलेल्या एका सिरॅमिकचे विलक्षण दाबविद्युत गुण प्रसिद्ध केले. त्याचे पूर्ण नाव लेड झर्कोनेट टायटॅनेट. पण सर्वत्र ते पीझेडटी या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. क्वार्ट्झपेक्षा ते शंभरपटींहून अधिक विद्युतभार देऊ शकते. शिवाय सिरॅमिक असल्यामुळे ते कुंभाराच्या मातीप्रमाणे हव्या त्या आकारात घडवून भाजता येते. लायटरमधील कांडीही याच जातीची असते.

एवढा गुणी पदार्थ हाती आल्यावर आणखी काय हवे, असे कोणासही वाटेल. परंतु गुणी पदार्थालाही दोष असतात, आणि ते कामाला लावल्यावरच उघडे पडतात.

पहिला दोष कळण्यासाठी रुग्णालयात डोकावले पाहिजे. ग्लासगो येथील डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी धातूंतील भेगा शोधण्याचे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र माणसाच्या शरीराकडे वळविले, आणि १९५८ साली आपले निष्कर्ष सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. त्यांत एका स्त्रीची हकीकत होती. तिच्या पोटात असाध्य कर्करोग आहे, असे निदान झाले होते. ध्वनीच्या पडसादांनी मात्र आत द्रवाने भरलेली एक मोठी गाठ असल्याचे दाखविले. शस्त्रक्रियेने ती गाठ काढून टाकता आली, आणि ती स्त्री वाचली. सोनोग्राफी म्हणून पुढे जगभर पसरलेल्या तपासणीचा हा प्रारंभकाळ होता. शरीरातून परत येणारे पडसाद अत्यंत क्षीण असतात. त्यांतला एखादा ऐकू आला किंवा निसटला, एवढ्यावर कधी कधी माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असते.

आणि येथेच पीझेडटी कमी पडते. ध्वनी एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना त्याचा काही भाग सीमेवरूनच माघारी फिरतो. पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराला त्या पदार्थाचा ध्वनिरोध म्हणतात. दोन पदार्थांच्या ध्वनिरोधांत अंतर जितके अधिक, तितका ध्वनी अधिक प्रमाणात माघारी वळतो. पाण्याचा ध्वनिरोध १.५ धरला, तर पीझेडटीचा सुमारे ३० भरतो. आणि माणसाचे शरीर या बाबतीत पाण्यासारखेच असते. वीसपट अंतर असलेल्या या सीमेवर १०० भागांपैकी सुमारे १८ भागच ध्वनी पलीकडे जातो. परत येणाऱ्या पडसादालाही तीच सीमा ओलांडावी लागते. अर्थात जाण्यायेण्यात १०० पैकी जेमतेम ३ भाग शिल्लक राहतात. मध्ये निराळ्या पदार्थांचे पातळ थर बसवून हा तोटा कमी करता येतो. पण मूळचे अंतरच एवढे मोठे असेल, तर थरांचा उपायही अपुरा पडतो.

दुसरा दोष खोल समुद्रात दिसून येतो. पीझेडटीचा ठोकळा वरून व खालून दाबला, तर भरपूर विद्युतभार मिळतो. तोच बाजूंनी दाबला, तर उलट जातीचा भार मिळतो. पाण्यातील दाब मात्र एका बाजूने पडत नाही. तो सर्व बाजूंनी सारखाच पडतो. पीझेडटीच्या एका प्रचलित प्रकारात उभ्या दाबाने ३७४ एकके भार मिळतो, तर दोन्ही आडव्या दिशांनी प्रत्येकी १७१ एकके उलट भार मिळतो. ३७४ मधून दोनदा १७१ वजा केले की उरतात अवघे ३२! एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असाच हा प्रकार. लान्जव्हँच्या काळापासून ज्या समुद्रासाठी हा उद्योग चालला, त्याच समुद्रात तो दुबळा ठरतो. याशिवाय तिसरा दोष म्हणजे ठिसूळपणा. बशी वाकविता येत नाही, तशीच पीझेडटीची पट्टीही वाकविता येत नाही.

मऊ पदार्थांनी हे काम होईल का, याचाही शोध चालू होता. १९६९ साली जपानमध्ये हेजी कावाई यांनी एका पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाच्या पातळ पापुद्र्यात लक्षणीय दाबविद्युत गुण असल्याचे दाखविले. हा पापुद्रा हलका व लवचीक आहे. त्याचा ध्वनिरोध पाण्याच्या बराच जवळचा आहे. पण त्याची शक्ती पीझेडटीच्या मानाने फार थोडी. बळ आहे तेथे नम्रता नाही, आणि नम्रता आहे तेथे बळ नाही, अशी ही अडचण होती.

अशा अडचणीतून निसर्गाने व माणसाने पूर्वीच एक मार्ग काढलेला आहे. आपली हाडे कठीण खनिज व चिवट प्रथिन यांच्या मिलाफाने बनलेली असतात. म्हणून ती खडूसारखी मोडत नाहीत आणि रबरासारखी लवतही नाहीत. खेड्यातील घराची भिंत बांधताना मातीत भुसा किंवा गवताची काडी तुडवितात. त्यायोगे भिंतीला तडे जात नाहीत. दोन भिन्न गुणांचे पदार्थ आपापले अस्तित्व न सोडता एकत्र नांदतात, तेव्हा त्यांना संमिश्र पदार्थ म्हणतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात रॉबर्ट न्यूनहॅम व त्यांचे सहकारी यांनी हाच मार्ग दाबविद्युत पदार्थांना लावला. १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी एक मोलाचा विचार मांडला. दोन पदार्थ किती प्रमाणात मिसळले, एवढेच पाहून भागत नाही. त्यांतील प्रत्येक पदार्थ कोणकोणत्या दिशांनी अखंड जोडलेला आहे, हे पाहिले पाहिजे. या दृष्टीने दोन पदार्थांच्या जोडणीचे दहा प्रकार होतात, असे त्यांनी दाखविले. त्यांपैकी सर्वांत उपयुक्त ठरलेल्या प्रकारात सिरॅमिकचे बारीक तंतू किंवा स्तंभ एकाच दिशेने अखंड उभे असतात, आणि त्यांच्या भोवतीचा पॉलिमर तिन्ही दिशांनी अखंड पसरलेला असतो. म्हणून त्याला 'एक-तीन' जोडणी असे नाव पडले.

नुसती पूड मिसळून हे का साधत नाही? पॉलिमरमध्ये पीझेडटीची पूड कालविली, तर प्रत्येक कण मऊ वेढ्यात एकटा पडतो. बाहेरचा दाब व वीज ही दोन्ही त्या वेढ्यातच बव्हंशी अडून राहतात. याउलट, कापसाच्या गादीत दाटीने उभे खुंट रोवून वर फळी ठेवली आणि फळीवर वजन टाकले, तर ते वजन कापूस पेलत नाही, खुंटच पेलतात. संमिश्र पदार्थातही वरून येणारा भार कठीण तंतूंवर एकवटतो आणि ते भरपूर वीज देतात. बाजूंनी येणारा दाब मात्र असा एकवटत नाही, त्यामुळे ३७४ मधून होणारी ती दुःखदायक वजाबाकी पुष्कळच घटते. पुन्हा, राळेमुळे सारा पदार्थ हलका होतो. त्याचा ध्वनिरोध १२ पर्यंत उतरविला, तर मघाच्या सीमेवरून १८ ऐवजी जवळजवळ ४० भाग ध्वनी पलीकडे जातो, आणि जाण्यायेण्यात ३ ऐवजी सुमारे १६ भाग हाती लागतात. पूर्वी जो पडसाद निसटला असता, तो आता ऐकू येतो.

परंतु कल्पना सुचणे निराळे आणि वस्तू घडविणे निराळे. पहिले नमुने करताना पीझेडटीच्या बारीक काड्या ओळीने उभ्या करून त्यांच्याभोवती इपॉक्सी नावाची कृत्रिम राळ ओतली गेली. दुसरी रीत करवतीची. पीझेडटीच्या ठोकळ्यावर अतिशय पातळ, हिरकणी जडविलेल्या चक्राने आधी उभ्या व मग आडव्या खाचा पाडतात, म्हणजे बर्फीच्या वड्या पाडाव्यात तसे चौकोनी स्तंभ तयार होतात. खाचांत राळ भरतात आणि खालचा अखंड भाग घासून काढतात. ही रीत सरळ आणि भरवशाची आहे. तथापि ध्वनीची कंपने जितकी अधिक, तितकी पट्टी पातळ आणि स्तंभ बारीक लागतात. आणि स्तंभ फारच बारीक झाले की ठिसूळ सिरॅमिक चक्राखाली मोडू लागते. शिवाय खाचांतून निघालेला माल वाया जातो.

म्हणून काही शास्त्रज्ञांनी कापण्याऐवजी कातण्याचा विचार केला. लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज नावाचे चिकट द्रावण करून त्यातून रेयॉनचे सूत काढण्याची कृती जुनी आहे. कल्याणजवळ शहाड येथेही अशा सुताचा कारखाना उभा राहिला. त्याच कृतीत थोडा फेर केला. प्रथम पीझेडटीची अगदी तलम पूड व्हिस्कोजमध्ये एकजीव घोटतात. पुडीत एखादा जाड कण किंवा गुठळी राहिली, तर पुढे तंतू तेथेच तुटतो. म्हणून मिश्रण गाळून घेतात. मग ते बारीक छिद्रांच्या चकतीतून आम्लाच्या द्रावणात दाबतात. शेवयांच्या साच्यातून पीठ यावे, तशा धारा बाहेर पडतात. आम्लाच्या स्पर्शाने त्या घट्ट होऊन त्यांचे तंतू बनतात. ते धुऊन, वाळवून रिळावर गुंडाळतात. या अवस्थेत तो तंतू सुतासारखा लवतो. त्याला हवे तसे वळविण्याची वेळ हीच असते.

यानंतर भट्टीची कसोटी लागते. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान हळूहळू वाढवितात, तेव्हा तंतूतील वनस्पतिजन्य भाग जळून जातो आणि पीझेडटीचे कण तेवढे मागे राहतात. येथे घाई केली, तर निघणारा धूर तंतूला फोडून बाहेर पडतो. नंतर तापमान १,२०० अंशांच्या आसपास नेतात. कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि तंतू आटून भरीव होतो. एवढ्या उष्णतेत शिशाचा अंश वाफ होऊन उडून जाऊ पाहतो, आणि तंतू बारीक असल्यामुळे तो लवकर उडतो. शिसे उणे झाले की गुणही उणा होतो. म्हणून तंतू झाकणबंद भांड्यात ठेवतात आणि सोबत शिसे असलेली पूडही ठेवतात. तिच्या वाफेने भांडे भरलेले राहते आणि तंतूतील शिसे तंतूतच राहते. भट्टीतून निघालेले तंतू केसाएवढ्या जाडीचे किंवा त्याहून थोडे जाड असतात.

आता हे तंतू एकमेकांना समांतर ठेवून त्यांची जुडी साच्यात उभी करतात व तिच्यात पातळ राळ ओततात. साच्यातील हवा पंपाने काढून घेतात, कारण आत राहिलेला एकेक बुडबुडा ध्वनीला अडथळा करतो. राळ घट्ट झाली की त्या ठोकळ्याचे तंतूंना काटकोनात पातळ काप काढतात. कापाच्या दोन्ही अंगांना तंतूंची टोके ठिपक्यांसारखी दिसतात. त्यांवर चांदीसारख्या धातूचा पातळ थर देतात, म्हणजे सर्व तंतू एकाच वेळी विजेला जोडले जातात.

तरीही हा काप अजून मुकाच असतो. सिरॅमिक असंख्य लहान स्फटिकांचे बनलेले असते आणि त्यांच्या विद्युत-दिशा वाटेल तशा विखुरलेल्या असतात. एकाचे कार्य दुसरा निष्फळ करतो. म्हणून काप कोमट किंवा गरम तेलात बुडवून त्याला जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे २,००० ते ३,००० व्होल्टची वीज काही वेळ देतात. त्या प्रभावाने स्फटिकांच्या दिशा शक्य तितक्या एका बाजूस वळतात, आणि वीज काढून घेतल्यावरही बव्हंशी तशाच राहतात. या क्रियेला ध्रुवण म्हणतात. कवायतीच्या मैदानावर विखुरलेली मुले हुकमासरशी एका दिशेला तोंड करून उभी राहतात, तसाच हा प्रकार. ध्रुवण झाले की काप बोलू लागतो आणि ऐकूही लागतो.

तंतूंचा आणखी एक लाभ आहे. काचेचे जाड तावदान वाकत नाही, पण काचेचा केसासारखा धागा सहज वाकतो. सिरॅमिकचेही तसेच आहे. हे ध्यानात घेऊन १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आरन बेंट व नेस्बिट हॅगूड यांनी तंतू उभे न ठेवता राळेत आडवे निजविले आणि त्यांवर कंगव्याच्या दातांसारख्या पट्ट्यांनी वीज दिली. असा लवचीक पापुद्रा वक्र पृष्ठभागावर चिकटविता येतो. त्याच दशकाच्या अखेरीस नासा या अमेरिकन संस्थेच्या लँगली केंद्रातही पीझेडटीच्या बारीक पट्ट्यांचा असा पापुद्रा तयार झाला. यंत्राच्या एखाद्या भागावर तो बसविला, की त्या भागाची थरथर तो विजेच्या रूपाने कळवितो; आणि उलट वीज देऊन ती थरथर शमविण्यासही साहाय्य करतो.

या कथेला एक काळजीची बाजूही आहे. पीझेडटीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि शिसे हे विष आहे. तंतू वापरणाऱ्यास त्याची बाधा सहसा होत नाही. परंतु पूड हाताळणारा व भट्टीपाशी काम करणारा कामगार, तसेच टाकून दिलेली उपकरणे मोडणारा मजूर यांना ती होऊ शकते. युरोपात २००६ पासून विद्युत-उपकरणांतील शिशावर निर्बंध आले, तेव्हाही तितकाच समर्थ पर्याय हाती नसल्यामुळे दाबविद्युत सिरॅमिकला सवलत द्यावी लागली. शिशावाचून चालणारे सिरॅमिक सिद्ध करण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. हे काम पुढील पिढीतील कोणा जिज्ञासू मुलामुलींची वाट पाहत आहे.

पीझेडटी आणि राळ या दोन पदार्थांत नवे असे काहीच नव्हते. एक कठीण पण ठिसूळ. दुसरा नरम पण विजेच्या बाबतीत निर्गुण. दोघेही एकाच ठिकाणी पूर्वीपासून उपलब्ध होते. नवी होती ती त्यांची मांडणी. कोणी उभे राहून भार घ्यावा आणि कोणी भोवती राहून आधार द्यावा, हे नीट ठरले, तेव्हा समुद्राच्या तळाशी आणि माणसाच्या देहात जे पडसाद कोणाच्याही कानी पडत नव्हते, ते ऐकू येऊ लागले.